रहस्यकथा आणि फँटसी : परीक्षण कसं लिहावं, पुस्तक कसं सुचवावं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने लिहिणाऱ्यांचे आहेत, पुढचे अडचणीच्या प्रसंगांचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. परीक्षण आणि शिफारस यांत फरक काय? दोन्ही एकत्र लिहिलं तर चालत नाही का?

चालतं, पण दोन्हींची कसोटी वेगळी आहे हे लक्षात ठेवा. परीक्षणात पुस्तक कसं बांधलंय हे सांगायचं असतं. शिफारस करताना समोरच्या माणसाला ते पुस्तक झेपेल का, रुचेल का, हे पाहायचं असतं. सातशे पानांची, संथ, बारकाईने रचलेली फँटसी परीक्षणात पाचपैकी साडेचार तारे मिळवू शकते आणि तरीही रोज लोकलमध्ये वीस मिनिटं वाचणाऱ्याला ती सुचवू नये, कारण दर वेळी पाच पानं मागे जाऊन पात्रं आठवण्यातच त्याचा वेळ जाईल. परीक्षणाच्या शेवटी "हे कोणाला आवडेल, कोणाला नाही" अशी दोन वाक्यं लिहिलीत तर दोन्ही कामं होतात. दुसरं वाक्य टाळू नका. "कोणाला आवडणार नाही" ही माहिती वाचकाला जास्त उपयोगी पडते.

२. पहिल्यांदाच लिहितेय. किती लिहू आणि तयारी काय करू?

३०० ते ५०० शब्द पुरतात. सुरुवातीला लेखक, अनुवादक, प्रकाशन, आवृत्तीचं वर्ष आणि पानसंख्या एका ओळीत द्या. कथानकाची ओळख ६० ते ८० शब्दांत आटपा. बाकी सगळी जागा पुस्तक कसं चालतं यासाठी ठेवा : वेग, भाषा, पात्रं, तपासाची किंवा जगाची बांधणी.

खरी तयारी वाचतानाच करायची असते. पुस्तकात एक कोरा कागद ठेवा आणि तीन ठिकाणी थांबा : पाव पुस्तक झाल्यावर, अर्ध्यावर, आणि उलगडा सुरू होण्याच्या आधी. प्रत्येक वेळी पान क्रमांक, तुमचा संशय कोणावर आहे आणि का, एवढं लिहा. शेवट कळल्यानंतर आधीची आठवण बदलते. "मला पहिल्यापासूनच वाटत होतं" असं प्रत्येकाला मनापासून वाटू लागतं. कागदावरची नोंद मात्र बदलत नाही. परीक्षणाची सगळी मदार त्या नोंदीवर असते.

३. कथानक कुठपर्यंत सांगितलेलं चालतं?

साधारण पहिल्या चतुर्थांशापर्यंत. तीनशे पानांच्या पुस्तकात दहाव्या पानावर खून होत असेल तर कोणाचा खून झाला ते जरूर सांगा. पण पहिला मृत्यू दीडशेव्या पानावर असेल तर तो कोणाचा हे लिहू नका. तोवरची पानं "यांतलं कोण जाणार" या ताणावर उभी असतात. दुसऱ्या खुनाचा उल्लेख कधीच नको, कारण पहिल्या खुनाचे संशयित त्यातून गळतात.

मलपृष्ठावर छापलंय म्हणून ते सांगायला हरकत नाही, असं समजू नका. मलपृष्ठाचा मजकूर पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि तो पुष्कळदा अर्ध्या पुस्तकापर्यंतची गोष्ट सांगून मोकळा होतो. फँटसी मालिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागावर लिहिताना आधीच्या भागात कोण जगलं हे आपोआप उघड होतं, म्हणून पहिल्याच ओळीत तशी सूचना द्या.

४. मी खुनी कोण ते लिहिलंच नव्हतं, तरी लोक म्हणतात रहस्य फोडलंस. कसं काय?

नाव न घेताही रहस्य फुटतं, आणि बहुतेक वेळा ते असंच फुटतं. नेहमीच्या जागा या :

"शेवटचा धक्का जबरदस्त आहे." ही सर्वांत जास्त लिहिली जाणारी ओळ आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी. एवढं वाचलेला वाचक अडीचशेव्या पानावर दिलेला उलगडा खरा मानतच नाही. पुढे पन्नास पानं उरली आहेत आणि धक्का अजून यायचा आहे, हे त्याला माहीत असतं.

"निवेदन नीट लक्ष देऊन वाचा." झालं, निवेदकावर संशय बसला.

छोट्या पात्राचं मोठं कौतुक. तीनदाच चहा घेऊन येणाऱ्या स्वयंपाक्याचं पात्र "अफलातून उभं केलंय" असं लिहिलंत, तर सराईत वाचक लगेच विचारतो, एवढ्याशा पात्राबद्दल एवढं का?

संशयितांची यादी देऊन त्यातून एक नाव गाळणं. चार भावंडांपैकी तिघांबद्दल लिहिलंत तर चौथं उठून दिसतं. लिहायचं तर चौघांबद्दल, नाहीतर कोणाबद्दलच नाही.

दुसऱ्या प्रसिद्ध कादंबरीशी तुलना. ज्याने ती दुसरी वाचली आहे त्याला युक्ती कळते, आणि ज्याने वाचलेली नाही त्याच्यासाठी दोन्ही पुस्तकं बिघडतात.

यावर उपाय म्हणजे लिहून झाल्यावर एक दिवस थांबा आणि पुस्तक न वाचलेल्या मित्राला परीक्षण वाचायला द्या. "तुला कोणावर संशय येतोय?" एवढंच विचारा. त्याने बरोबर नाव घेतलं तर कुठल्या वाक्यामुळे घेतलं ते शोधा आणि ते वाक्य काढा.

५. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. मग खुन्याबद्दल लिहायचं कसं?

ही अडचण खरी आहे. "खुनी खिडकीतून आत आला" म्हटलं की निम्मे संशयित बाद. "खुनी व्यक्ती", "हल्ला करणारी व्यक्ती" असं लिहा. "व्यक्ती" हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगीच असल्यामुळे "ती व्यक्ती आत आली" यातून पुरुष की बाई हे कळत नाही. किंवा वाक्य घटनेभोवती फिरवा : "खिडकीतून प्रवेश झाला", "विष चहात मिसळलं गेलं". पुस्तकात निनावी निवेदक असेल आणि त्याचं लिंग लपवलेलं असेल, तर अवतरण निवडताना "मी गेलो", "मी म्हणाले" अशी वाक्यं चुकून येत नाहीत ना, हे पाहा. हाच प्रश्न अनुवादकाचाही असतो. त्याबद्दल प्रश्न ११ मध्ये.

६. शेवटच फसला असेल तर रहस्य न फोडता टीका कशी करू?

दोषाचा प्रकार सांगा, तपशील नको. "उलगड्यासाठी लागणारी माहिती वाचकाला आधी दिलेली नाही", "सगळी साखळी एका योगायोगावर टांगलेली आहे", "कृत्याच्या मानाने हेतू फार दुबळा आहे", "शेवटच्या वीस पानांत सगळं घाईने गुंडाळलंय" या वाक्यांतून एकही नाव बाहेर पडत नाही आणि पुस्तक घ्यायचं की नाही हे वाचकाला ठरवता येतं.

तपशीलात जायचंच असेल तर परीक्षणाचे दोन भाग करा. मध्ये एका स्वतंत्र ओळीत "यापुढे शेवट उघड केला आहे" असं लिहा. दुसऱ्या भागाचं शीर्षक आणि पहिली ओळ निरुपद्रवी ठेवा, कारण खाली सरकताना डोळा तिथे पडतोच.

७. रहस्य प्रामाणिक आहे की लेखकाने फसवलंय, हे तपासायचं कसं?

इंग्रजी रहस्यकथेच्या बहराच्या काळात यावर नियमच लिहिले गेले. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ साली वीस नियम मांडले, तर रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली दहा. त्यांतले काही आज कालबाह्य झाले आहेत आणि काही नियम मोडूनच उत्तम कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. पण गाभा टिकून आहे : गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, आणि तपास करणाऱ्याला मिळालेले धागे वाचकालाही मिळाले पाहिजेत.

तपासायची पद्धत अशी. पुस्तक संपलं की लगेच पहिली तीन प्रकरणं पुन्हा वाचा. गुन्हेगार पहिल्या तृतीयांशात प्रत्यक्ष समोर येतो का? त्याच्या मनातले विचार दाखवताना लेखकाने काही गाळलंय की चक्क खोटं लिहिलंय? गाळणं चालतं. निवेदनात धडधडीत खोटी घटना सांगणं चालत नाही. मग उलगड्याच्या प्रकरणातले पुरावे एकेक करून लिहा आणि प्रत्येकापुढे तो आधी कुठल्या पानावर आला होता ते नोंदवा. मुख्य पुराव्यापुढची जागा रिकामी राहिली, तर दोष ठरला. डिटेक्टिव्हला "एक तार आली" आणि त्या तारेतला मजकूर आपल्याला शेवटी कळला, हा या दोषाचा सगळ्यात जुना नमुना.

ही कसोटी कोडं घालणाऱ्या रहस्यकथेपुरतीच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळापहाडच्या कथांना ती लावू नका. त्यांची ताकद वेगात आणि साहसात आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकाने वाचकाला पुढचं पान उलटायला कसं भाग पाडलं, हे तिथे पाहायचं.

८. मला खुनी अर्ध्यावरच ओळखू आला. तारे कापू?

आधी कशावरून ओळखू आला ते पाहा. प्रश्न २ मध्ये सांगितलेली नोंद इथे कामाला येते. पुस्तकातल्या धाग्यांवरून आला असेल तर लेखकाने काम चोख केलंय, तारे कापण्याचं कारण नाही. "सगळ्यांत सज्जन दिसतो तोच असणार" अशा अंदाजाने आला असेल, तर ती तुमची वाचनाची सवय आहे. शंभर रहस्यकथा वाचलेल्या माणसाला ती लागतेच. पात्रच इतकं उपरं असेल की खुनी असण्याशिवाय कथेत त्याला कामच नाही, तर मात्र तो बांधणीचा दोष आहे आणि तो लिहावा. कळल्यानंतरही पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं नसेल तर तेही लिहा, कारण मग त्या पुस्तकाकडे रहस्यापलीकडे काहीतरी आहे.

९. पोलीस तपास आणि कायद्यातल्या चुका दाखवाव्यात का?

उलगडा ज्यावर उभा आहे ती चूक असेल तर जरूर. पण आधी कथेचा काळ पाहा. परीक्षण लिहिणारेच इथे बऱ्याचदा घसरतात.

खुनासाठी जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०२ लिहिलंय म्हणून लेखकाला चूक ठरवू नका. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि त्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. त्याआधीच्या खुनासाठी ३०२ बरोबरच. उलट २०१५ सालच्या खुनासाठी १०३ लिहिलं असेल तर चूक. न्यायालयात ज्यूरी दाखवली असेल तर साल बघा : १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरी होती, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा नाही. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. गुन्ह्याच्या तपासात डीएनए चाचणी पहिल्यांदा १९८६ साली इंग्लंडमध्ये वापरली गेली. १९७५ च्या मुंबईत लॅबचा डीएनए अहवाल आला, तर कादंबरी तिथेच कोसळते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक शेवटच्या प्रसंगात असते. इन्स्पेक्टरसमोर आरोपी सगळं कबूल करतो आणि केस संपते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ती मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर नोंदवावी लागते. पुस्तकात दुसरा कुठलाच पुरावा नसेल तर हा आरोपी सुटणार, आणि हे परीक्षणात म्हणायला हवं.

१०. फँटसीत सगळंच काल्पनिक असतं. मग तिथे चूक कशाला म्हणायचं?

लेखकाने स्वतः घालून दिलेला नियम मोडला तर ती चूक. तीन प्रश्न विचारा. जादूची किंमत काय? ताकद जाते, आयुष्य कमी होतं, स्मृती पुसली जाते, काहीही असो. किंमत नसेल तर नायक प्रत्येक संकटातून मंत्र म्हणून सुटेल आणि ताण उरणार नाही. शेवटचं संकट ज्या शक्तीने सुटलं ती आधी दिसली होती का? अखेरच्या प्रकरणात अचानक सापडलेली तलवार म्हणजे प्रश्न ७ मधल्या तारेचाच प्रकार. आणि अंतरं, दिवस, ऋतू जुळतात का? नकाशा दिला असेल तर तो उघडून प्रवास मोजा. घोड्यावरून आठ दिवसांचं अंतर दुसऱ्या प्रकरणात आहे आणि विसाव्या प्रकरणात नायक तेच एका रात्रीत कापतो, असं बरेचदा होतं.

जगाची ओळख कशी करून दिली आहे, हेही लिहा. पहिली चाळीस पानं राजवंश, देवता आणि प्रदेशांची नावं येत राहिली तर नवखा वाचक तिथेच पुस्तक ठेवतो. असं असेल तर किती पानांनंतर गोष्ट पकड घेते ते सांगा. "साठाव्या पानापर्यंत धीर धरा" या एका वाक्यामुळे बरीच पुस्तकं वाचून पूर्ण होतात. सुरुवातीची वंशावळ किंवा शेवटची शब्दसूची पुढचे मृत्यू आणि लग्नं उघड करत असेल, तर ती आधी पाहू नका असंही बजावा.

गूढकथेला मात्र उलगड्याचं बंधन नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत जे न सांगितलेलं राहतं तेच तिचं बळ आहे. तिथे "स्पष्टीकरण दिलं नाही" अशी तक्रार गैरलागू ठरते.

११. अनुवादित कादंबरीवर लिहिताना मूळ वाचलेलं असायलाच हवं का?

नाही, पण मूळ आणि अनुवाद यांपैकी कशाबद्दल बोलताय हे स्पष्ट ठेवा. अनुवादकाचं नाव द्या. ते गाळणं अन्यायाचं आहे. संवाद तोंडाने म्हणून बघा, अडखळलात तर अनुवाद कच्चा आहे.

रहस्यकथेच्या अनुवादात दोन खास सापळे असतात. इंग्रजीत "डॉक्टर", "कझिन" यांवरून लिंग कळत नाही, मराठीत क्रियापद ते लगेच सांगतं (प्रश्न ५). दुसरा सापळा "तू" आणि "तुम्ही"चा. अनोळखी म्हणून वावरणारी दोन पात्रं प्रत्यक्षात पूर्वीपासूनची ओळखीची असतील, तर पहिल्याच प्रसंगात अनुवादकाने निवडलेलं संबोधन रहस्य फोडू शकतं. या जागा अनुवादकाने निभावल्या असतील तर त्याचं कौतुक करा, पण तपशील शेवट उघड करणाऱ्या भागातच ठेवा.

मुखपृष्ठामागच्या पानावर मूळ नाव बघायची सवय ठेवा. एकच कादंबरी दोन नावांनी निघते. अगाथा ख्रिस्तींची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' १९३४ साली अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' म्हणून आली होती. तेच पुस्तक दुसऱ्या नावाने पुन्हा विकत घेणारे वाचक कमी नाहीत. स्वतंत्र, अनुवाद आणि आधारित यांतलं नेमकं काय आहे तेही नोंदवा. नारायण धारपांच्या काही कादंबऱ्या पाश्चात्त्य कथानकांवर बेतलेल्या आहेत, आणि तरीही त्यांतलं वातावरण अस्सल मराठी आहे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

१२. "काहीतरी भारी सुचव ना" असं कोणी म्हटलं की काय विचारावं?

चार प्रश्न. शेवटचं पूर्ण केलेलं आणि आवडलेलं पुस्तक कोणतं? अर्धवट सोडलेलं कोणतं, आणि साधारण कितव्या पानाला? दिवसाला किती वेळ वाचता? काय अजिबात नको (रक्तपात, लहान मुलांवरचे अत्याचार, भुतं)? सोडलेल्या पुस्तकाचं उत्तर सर्वांत मोलाचं, कारण आवडीपेक्षा नावड जास्त स्थिर असते.

मग तीनच नावं द्या. दहा नावांची यादी कोणी वाचत नाही. एक आवडीच्या अगदी जवळचं, एक थोडं बाजूचं, एक छोटं. वाचन सुटलेल्या माणसाला कादंबरीऐवजी कथा द्या. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या 'नवल'चे जुने दिवाळी अंक वाचनालयात मिळाले तर गूढ आणि अद्भुत कथांची चव एका बैठकीत कळते. प्रत्येक नावासोबत पानसंख्या आणि पुस्तक कुठे मिळेल ते सांगा. छपाईत नसलेलं पुस्तक सुचवून माणसाला हात हलवत परत पाठवू नका.

१३. "अमुक कादंबरीसारखी दुसरी सांगा" याचं उत्तर देताना काय सांभाळावं?

त्यांना त्या कादंबरीतलं नेमकं काय हवंय ते विचारा : बंद वाड्यातलं वातावरण, डिटेक्टिव्हचा स्वभाव, की शेवटची युक्ती? पहिल्या दोन्हींसाठी खुशाल नावं द्या. युक्ती हवी असेल तर थांबा. "तीच युक्ती असलेली" असं म्हणून नाव दिलंत तर ते पुस्तक त्याच क्षणी वाया गेलं. युक्तीप्रमाणे केलेल्या याद्या याच कारणासाठी करू नयेत. अशा वाचकाला पाच-सहा चांगल्या नावांत ते नाव मिसळून द्या आणि का दिलं ते सांगू नका.

१४. मालिका कुठल्या क्रमाने सुचवावी? आणि अपुरी मालिका सुचवावी का?

प्रकाशनाच्या क्रमाने. सी. एस. लुइस यांच्या 'नार्निया' या फँटसी मालिकेच्या आजच्या संचांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं पुस्तक म्हणून छापलेलं असतं, पण ते १९५५ साली आलं. मालिका १९५० साली कपाटातून उघडणाऱ्या जगापासून सुरू झाली, आणि त्या जगाचं नवल तसंच वाचलं तर टिकतं. डिटेक्टिव्ह मालिकेतली पुस्तकं बहुधा सुटी वाचता येतात; अपवाद शेवटच्या पुस्तकाचा. अगाथा ख्रिस्तींच्या डिटेक्टिव्ह प्वारोची शेवटची कादंबरी 'कर्टन' (१९७५) सुरुवातीला कोणाला देऊ नका. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेली एकच कादंबरी आहे, त्यामुळे पहिल्या खंडाला "शेवट अर्धवट" असा दोष देऊ नये.

अपुरी मालिका सुचवा, पण ती अपुरी आहे हे आधी सांगा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला भाग १९९६ चा आणि पाचवा २०११ चा. पुढच्याची वाट पाहण्याची तयारी प्रत्येकाची नसते. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले, तेव्हा त्यांची अपुरी राहिलेली 'व्हील ऑफ टाइम' मालिका ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ पर्यंत पूर्ण केली. अशा वेळी लेखणी कुठे बदलली ते परीक्षणात नोंदवावं.

१५. बारा वर्षांच्या मुलीला रहस्यकथा द्यायच्यात. बंगालीतल्या डिटेक्टिव्हांपैकी फेलूदा की ब्योमकेश?

फेलूदा. सत्यजित राय यांनी त्या कथा १९६५ पासून 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी लिहायला घेतल्या. ब्योमकेश मोठ्यांसाठी आहे. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या त्या कथांत विवाहबाह्य संबंध आणि वासना हे हेतू म्हणून येतात. तो पंधरा-सोळानंतर. दोन्ही मराठीत मिळतात. त्याआधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच.

१६. हिंसा, आत्महत्या यांची पूर्वसूचना दिली तर रहस्य फुटतं. काय करावं?

वातावरणाबद्दलची सूचना वर द्या : "रक्तपाताची वर्णनं तपशीलवार आहेत." घटनेबद्दलची सूचना सर्वांत शेवटी, वेगळ्या ओळीखाली. तिथे कोण, केव्हा हे नको, फक्त प्रकार. "आत्महत्या" हाच शब्द उलगडा असेल, तर "मानसिक त्रासाचे प्रसंग आहेत, कोणाला नेमकं जाणून घ्यायचं असल्यास विचारा" असं लिहा आणि विचारणाऱ्याला खरं उत्तर द्या. ज्याला त्या विषयाने खरोखर त्रास होतो त्याची गरज रहस्यापेक्षा मोठी आहे.

१७. प्रकाशकाने पुस्तक फुकट पाठवलं किंवा लेखक ओळखीचा आहे. सांगायलाच हवं का?

हो, आणि पहिल्याच परिच्छेदात. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तू हाही उघड करायचा संबंध ठरतो. जवळच्या मित्राच्या पुस्तकाला तारे देऊ नका, ओळख करून द्या आणि मैत्री सांगा.

१८. पुस्तकातले उतारे किती देता येतात?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उतारे देता येतात. शब्दांची ठरावीक मर्यादा कायद्यात नाही. व्यवहारात चार-पाच ओळींचे दोन उतारे भरपूर झाले, आणि तेही पहिल्या चतुर्थांशातलेच निवडा. संपूर्ण प्रकरण वाचून दाखवणं किंवा पानांचे फोटो टाकणं यात बसत नाही. उलगड्याच्या पानाचा फोटो तर कोणत्याच कारणाने नको.